कायदा करणाऱ्यांपासून चार पावले दूर

जुलै १९९७ मध्ये ऑस्ट्रियातील एक कुटुंब दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील एका क्लबात उतरले. प्रवास, मुक्काम आणि जेवण हे सारे एकाच पर्यटन कंपनीकडून पॅकेज म्हणून घेतलेले होते. तेथील जेवणातून त्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला विषबाधा झाली आणि राहिलेली सुट्टी आईवडिलांनी तिच्या उशाशी बसून काढली. पुढे न्यायालयात मुलीच्या शारीरिक वेदनांची भरपाई मंजूर झाली. परंतु जी सुट्टी हातची गेली, तिच्या आनंदाची भरपाई मागितली तेव्हा ऑस्ट्रियाच्या कायद्यात तशी सोय नसल्याचे उत्तर मिळाले. पॅकेज पर्यटनाविषयी १९९० साली केलेला युरोपीय निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा युरोपीय कायदा, तर ग्राहकाचे ‘नुकसान’ भरून दिले पाहिजे असे स्पष्ट म्हणत होता. अडचण अशी की नुकसान म्हणजे काय, हे त्या निर्देशात कोठेही सांगितलेले नव्हते. शेवटी लिंझच्या न्यायालयाने हा प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला आणि १२ मार्च २००२ रोजी निवाडा आला: निर्देशातील ‘नुकसान’ या शब्दात पैशात न मोजता येणारी हानीही येते आणि सुट्टीचा हिरावलेला आनंद ही तशीच हानी आहे.

निवाडा न्याय्य होता, याविषयी मला शंका नाही. मात्र एका साध्या शब्दाचा अर्थ ठरायला बारा वर्षे लागावीत आणि त्यासाठी एका आजारी मुलीच्या नावाने खटला चालवावा लागावा, ही गोष्ट मनाला टोचते. वाया गेलेल्या सुट्टीची भरपाई जर्मनीच्या नागरी संहितेत तेव्हाच मान्य होती, शेजारच्या ऑस्ट्रियात ती नव्हती, आणि दोन्ही देशांची कायद्याची भाषा जर्मनच आहे. एका शब्दाआड दोन अर्थ दडलेले आहेत, हे निर्देशाचा मसुदा करताना कोणाला तरी दिसायला हवे होते. ते दिसण्यासाठी दोन्ही देशांचा कायदा शेजारी शेजारी ठेवून शांतपणे वाचणारा माणूस लागतो. अशी माणसे जेथे घडतात आणि टिकतात त्या जागा, म्हणजे कायद्याच्या स्वतंत्र संशोधन संस्था, युरोपीय कायद्याला किती आवश्यक आहेत, हा या लेखाचा विषय आहे.

नुकसान या शब्दाचे जे झाले ते अपवादाने झाले नव्हते. ग्राहकाने केलेला करार विचार बदलल्यास मागे घेण्याची मुभा युरोपीय कायद्याने टप्प्याटप्प्याने दिली, आणि प्रत्येक टप्प्यावर मुदत निराळी ठेवली. दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेल्या मालासाठी १९८५ च्या निर्देशाने किमान सात दिवस दिले; सुट्टीतील घर वर्षातील ठरावीक काळापुरते वापरायला घेण्याच्या (टाइमशेअर) करारासाठी १९९४ मध्ये दहा दिवस आले; दूरध्वनीवरून किंवा टपालाने केलेल्या खरेदीसाठी १९९७ मध्ये सात दिवस आले, पण ते कामकाजाचे; आणि दूरस्थ वित्तीय सेवांसाठी २००२ मध्ये चौदा दिवस ठरले. प्रत्येक निर्देश वेगळ्या वेळी, वेगळ्या तडजोडीतून जन्मलेला होता आणि आधीच्या निर्देशात काय लिहिले आहे हे पाहणे ही कोणाचीच जबाबदारी नव्हती. दारावरची आणि दूरस्थ खरेदी चौदा दिवसांच्या एकाच मुदतीखाली यायला २०११ चा ग्राहक हक्क निर्देश उजाडावा लागला.

असे का होते, हे समजण्यासाठी युरोपीय कायदा जन्मतो कसा हे पाहावे लागते. कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार जवळजवळ सर्वस्वी ब्रसेल्समधील युरोपीय आयोगाकडे आहे. आयोगाच्या एखाद्या महासंचालनालयात काही अधिकारी मसुदा तयार करतात, त्याचे परिणाम-मूल्यांकन अनेकदा सल्लागार कंपन्यांकडून ठरावीक मुदतीत आणि ठरावीक प्रश्नांपुरते करून घेतले जाते, आणि मग तो मसुदा संसदेकडे व सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेकडे जातो. शेवटची तडजोड बहुधा त्रिपक्षीय बैठकीत, बंद दाराआड, अनेकदा रात्री उशिरा होते. एक शब्द कोणाला पटत नाही म्हणून दुसरा येतो, दुसरा तिसऱ्याला अडचणीचा वाटतो म्हणून व्याख्याच गळते. असे तयार झालेले कलम चोवीस अधिकृत भाषांत सारख्याच अधिकाराने छापले जाते आणि सत्तावीस देशांचे न्यायाधीश ते आपापल्या परंपरेच्या चष्म्यातून वाचू लागतात. अधिकाऱ्यांची बदली होते, खासदाराची मुदत संपते, मंत्र्याचे सरकार पडते. कायदा मात्र राहतो, आणि तो असाच का लिहिला हे आठवणारे कोणी उरत नाही.

या यंत्रणेत हुशार माणसांचा तुटवडा आहे असे मुळीच नाही. तुटवडा आहे तो वेळेचा, स्मृतीचा आणि ‘हा प्रस्तावच मुळात चुकीचा आहे’ असे बोलण्याची मुभा असलेल्या माणसाचा. आयोगातील अधिकाऱ्याला ती मुभा नाही, कारण प्रस्ताव त्याच्याच खात्याचा असतो. सल्लागार कंपनीला ती नाही, कारण पुढचे काम त्याच खात्याकडून यायचे असते. उद्योगांचे प्रतिनिधी बोलतात, भरपूर बोलतात, पण ते आपल्या अशिलासाठी बोलतात, आणि त्यांनी तसे करण्यात गैर काही नाही. जिला अशील नाही, जिचा पगार या प्रस्तावाच्या यशावर अवलंबून नाही आणि जी पाच वर्षांपूर्वीचा व पंचवीस वर्षांपूर्वीचा मसुदा एकाच टेबलावर ठेवू शकते, अशी संस्था कायदा करणाऱ्यांपासून चार पावले दूर असली तरच हे काम होते. स्वतंत्र संशोधन संस्थेचे मोल मी या अंतरात मानतो.

याचे मला सर्वांत पटलेले उदाहरण विदेच्या, म्हणजे डेटाच्या, मालकीचे आहे. पाश्चात्त्य देशांत यंत्रे, गाड्या आणि घरगुती उपकरणे सतत डेटा निर्माण करू लागली तेव्हा, २०१६–१७ च्या सुमारास, आयोगात असा विचार मूळ धरू लागला की डेटा निर्माण करणाऱ्याला त्यावर मालकीसारखा एक नवा हक्क द्यावा, म्हणजे त्याचा बाजार उभा राहील. जानेवारी २०१७ मधील आयोगाच्या निवेदनात ही कल्पना एक पर्याय म्हणून आलीही. ऐकायला ती सोपी आणि आकर्षक होती. जर्मनीतील माक्स प्लांक या संशोधन संस्थांच्या समूहातील, नवोपक्रम व स्पर्धा या विषयांना वाहिलेली म्युनिचची संस्था मात्र त्याआधीच, ऑगस्ट २०१६ मध्ये, एक भूमिकापत्र घेऊन पुढे आली होती. त्यात तिने बजावले होते की डेटावर असा अनन्य हक्क निर्माण करण्याला कायद्याचा वा अर्थशास्त्राचा आधार दिसत नाही. डेटा तसाही निर्माण होतच आहे, प्रश्न तो कोणाला पाहता येईल याचा आहे. आणि मालकीचा हक्क दिला तर आज ज्यांच्या हाती डेटा आहे त्यांचीच पकड घट्ट होईल.

या इशाऱ्यामागे स्मृती होती, आणि हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. १९९६ साली युरोपने माहितीसंचांसाठी, म्हणजे डेटाबेससाठी, असाच एक खास हक्क निर्माण केला होता. त्यामुळे युरोपातील हा उद्योग भरभराटीला येईल असे तेव्हा सांगितले गेले. २००५ मध्ये खुद्द आयोगाने त्या निर्देशाचे मूल्यमापन केले तेव्हा त्या हक्काचा उद्योगाला झालेला लाभ सिद्ध करता येत नाही अशी कबुली द्यावी लागली. तरीही हक्क रद्द झाला नाही, कारण एकदा दिलेला हक्क परत घेणे राजकारणात फार अवघड असते. ज्यांना तो मिळालेला असतो ते संघटित असतात आणि ज्यांचे त्यातून नुकसान होते ते विखुरलेले असतात. २०१६ मध्ये हा इतिहास कोणाला तरी आठवत होता, म्हणून तो बोलला गेला. त्याच सुमारास अर्थतज्ज्ञांनी आणि काही उद्योगांनीही आक्षेप घेतले होते, तेव्हा सारे श्रेय एका संस्थेला देणे योग्य होणार नाही. पण आयोगाने मालकीची कल्पना मागे ठेवली, आणि २०२३ मध्ये जो डेटा कायदा संमत झाला त्याचा गाभा मालकी नसून उपकरण वापरणाऱ्याला त्यातील डेटा मिळण्याचा अधिकार हा आहे. न झालेल्या वाईट कायद्याची मोजदाद कोणत्याही वार्षिक अहवालात होत नाही, म्हणून अशा संस्थांचा हा उपयोग सहसा नजरेत येत नाही.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे आणि त्याने मला अधिक अस्वस्थ केले. ॲमस्टरडॅम विद्यापीठात १९८९ पासून माहितीविषयक कायद्याची एक संशोधन संस्था काम करते. आयोगानेच तिच्याकडून प्रताधिकाराच्या युरोपीय कायद्याविषयी दोन मोठे अभ्यास करून घेतले. त्यांतील २००६ च्या अभ्यासात एक प्रश्न असा होता: ध्वनिमुद्रणावरील गायक-वादकांच्या आणि निर्मात्यांच्या हक्काची पन्नास वर्षांची मुदत वाढवावी काय? संस्थेने कारणे देऊन उत्तर दिले की वाढवण्याचे समर्थन करता येत नाही. जुलै २००८ मध्ये आयोगाने ही मुदत पंचाण्णव वर्षांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव मांडला, आणि प्रस्तावासोबतच्या टिपणीत बाहेरच्या तज्ज्ञांच्या मदतीची गरज नव्हती असे लिहिले. संस्थेचे संचालक बर्न्ट ह्युगेनहोल्ट्झ यांनी त्यानंतर आयोगाचे अध्यक्ष बारोसो यांना जाहीर पत्र लिहून विचारले की तुम्हीच पैसे देऊन करून घेतलेला अभ्यास तुमच्या टिपणीत दिसतही नाही, हे कसे? प्रस्ताव थोडा सौम्य होऊन २०११ मध्ये संमत झाला; मुदत सत्तर वर्षांची झाली.

कोणी म्हणेल, संशोधन हरले. संशोधन दुर्लक्षिले गेले हे खरे आहे, पण संस्था स्वतंत्र होती म्हणूनच ते दुर्लक्ष उजेडात आले. तोच अभ्यास एखाद्या कंत्राटी सल्लागाराने केला असता, तर तो कपाटात गेला असता आणि कोणाला पत्ता लागला नसता. सरकारचे काम घेऊनही सरकारला जाहीरपणे जाब विचारण्याची हिंमत ज्या संस्थेत असते, ती संस्था मी स्वतंत्र मानतो. पैसा कोणाकडून आला हा प्रश्न त्यानंतरचा.

पैशाचा मुद्दा येथे थोडा सविस्तर घेतला पाहिजे, कारण ‘सरकारी अनुदानावर चालणारी संस्था स्वतंत्र कशी?’ हा आक्षेप हटकून येतो. माक्स प्लांक संस्था जवळजवळ पूर्णपणे जर्मनीच्या संघ व राज्य सरकारांच्या पैशावर चालतात. तरीही त्यांच्या संचालकांना कोणता विषय घ्यावा आणि काय निष्कर्ष काढावा हे मंत्रालय सांगू शकत नाही, कारण जर्मन राज्यघटनेच्या पाचव्या कलमाने संशोधनाचे स्वातंत्र्य मूलभूत हक्क म्हणून राखले आहे. हे कलम उगाच आलेले नाही. १९२६ साली बर्लिनच्या राजवाड्यात कायझर विल्हेल्म सोसायटीने परदेशी व आंतरराष्ट्रीय खासगी कायद्याची संस्था सुरू केली. आज हॅम्बर्गमध्ये असलेली माक्स प्लांक संस्था ही तिचीच वारस. तिचे पहिले संचालक एर्न्स्ट राबेल हे व्हिएन्नात जन्मलेले विद्वान होते. मालाच्या विक्रीचा कायदा निरनिराळ्या देशांत नेमके कोणते काम करतो, हे पाहावे, नुसत्या संज्ञांची तुलना करू नये, असा त्यांचा आग्रह होता. १९२९ मध्ये त्यांनी देशोदेशीच्या खासगी कायद्यांत एकरूपता आणू पाहणाऱ्या रोमच्या युनिद्रुआ या संस्थेपुढे विक्रीच्या समान कायद्याची कल्पना अहवालरूपाने मांडली, आणि १९३६ मध्ये विक्री कायद्याच्या तौलनिक अभ्यासाचा त्यांचा पहिला खंड आला. राबेल ज्यू वंशाचे होते. १९३७ मध्ये त्यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले आणि १९३९ मध्ये त्यांना अमेरिका गाठावी लागली.

संस्थेची इमारत, ग्रंथालय, अनुदान यांतले काहीही त्या दिवशी गेले नव्हते. पण संचालक कोण असावा हे सत्तेने ठरवले, आणि त्यासरशी संस्थेचा कणा गेला. राबेल यांच्या अभ्यासाचा दुसरा खंड १९५८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. त्यांनी घातलेल्या पायावर १९६४ मध्ये हेग येथे समान विक्री कायदे झाले आणि १९८० मध्ये व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय विक्री करार झाला. नव्वदहून अधिक देश आज त्याचे सदस्य आहेत. एका माणसाच्या अहवालापासून जागतिक करारापर्यंत पन्नास वर्षे गेली. पाच वर्षांच्या राजकीय मुदतीत किंवा तीन वर्षांच्या प्रकल्प-अनुदानात न मावणारे असे काम कोठे तरी चालू राहावे लागते.

संस्थेवरचा हात केवळ गतकाळातील हुकूमशाहीचाच असतो असे समजू नये. हंगेरीत २०१९ च्या कायद्याने विज्ञान अकादमीच्या साऱ्या संशोधन संस्था, कायद्याच्या संस्थेसह, अकादमीकडून काढून एका नव्या जाळ्याखाली नेल्या गेल्या, आणि त्याच्या नियामक मंडळावर सरकारने सुचवलेल्या सदस्यांना जागा मिळाली. त्याच काळात बुडापेस्टमधील सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला आपले शिक्षण व्हिएन्नाला हलवावे लागले. तिला अडवणारा हंगेरीचा कायदा युरोपीय कायद्याशी आणि अध्ययनस्वातंत्र्याशी विसंगत असल्याचा निवाडा लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०२० रोजी दिला. तोवर विद्यापीठ गेलेले होते. हंगेरीतील कायद्यांचे युरोपीय कसोटीवर परीक्षण व्हावे अशी सर्वाधिक गरज असताना तेथील संस्थांचीच जागा डळमळीत व्हावी, हे युरोपने गंभीरपणे घ्यायला हवे होते.

आता प्रामाणिकपणे मान्य करायला हवे की अशा संस्थांवरील दुसरा मोठा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा: कायदा करणे हे लोकप्रतिनिधींचे काम, न निवडलेल्या प्राध्यापकांनी संहिता लिहून पुढे कराव्यात हा लोकशाहीचा संकोच नव्हे काय? या आक्षेपाला युरोपात खरा इतिहास आहे. डॅनिश विद्वान ओले लान्डो यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वेगवेगळ्या देशांतील कायदेपंडितांचा एक गट बांधला. कोणत्याही सरकारचे प्रतिनिधित्व न करता त्यांनी युरोपीय करार कायद्याची तत्त्वे लिहिली आणि १९९५ ते २००३ या काळात ती तीन भागांत प्रसिद्ध केली. त्यानंतर क्रिस्टियान फॉन बार यांच्या पुढाकाराने, युरोपीय संघाच्या संशोधन निधीच्या आधारे, बरेच मोठे काम उभे राहिले: २००९ मध्ये सहा खंडांत प्रसिद्ध झालेली, खासगी कायद्याच्या आदर्श नियमांची ‘समान संदर्भ चौकट’. या साऱ्यावर २००४ मध्येच विद्वानांच्या एका गटाने जाहीरनामा काढून टीका केली होती. करार कोणाच्या बाजूने झुकावा, दुर्बळाला किती संरक्षण द्यावे, हे राजकीय प्रश्न आहेत. ते तांत्रिक आहेत असे भासवून तज्ज्ञांच्या खोलीत सोडवू नका, असे त्या गटाचे म्हणणे होते.

हे म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य आहे, आणि पुढे जे घडले त्यानेही त्याला पुष्टी दिली. आयोगाने २०१० मध्ये एक तज्ज्ञगट नेमला, वर्षभरात त्या सहा खंडांतून विक्रीपुरता भाग निवडून घेतला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये समान युरोपीय विक्री कायद्याचा प्रस्ताव मांडला. संसदेने २०१४ मध्ये दुरुस्त्यांसह पाठिंबा दिला, पण सदस्य देशांची सरकारे राजी झाली नाहीत आणि २०१४ च्या अखेरीस आयोगाने प्रस्ताव मागे घेण्याचे जाहीर केले. अनेकांनी याकडे प्राध्यापकांच्या स्वप्नाचा अंत म्हणून पाहिले. मला त्यात घाई दिसते. पंचवीस वर्षांत जे पिकले ते एका वर्षात कापून बाजारात नेले गेले, आणि कोणाला काय हवे याची राजकीय चर्चा संशोधनाच्या नावाखाली टाळली गेली. दोष संशोधनाने लिहिलेल्या संहितेचा नव्हता. तिला कायद्याचे कपडे चढवून देशांपुढे उभे केले, हा होता.

कारण संशोधन संस्थेच्या मसुद्याला स्वतःचा अधिकार काहीच नसतो. तो कोणावर बंधनकारक नाही, त्याच्यामागे दंड नाही, पोलीस नाहीत. तो पटला तरच चालतो. माझ्या मते लोकशाहीशी त्याचे नाते येथे जुळते: तो प्रतिनिधींच्या हातून निर्णय काढून घेत नाही, पर्याय आणि त्यांचे परिणाम त्यांच्यापुढे ठेवतो. आणि पटण्याचे रस्ते वेगवेगळे असतात. विक्री कायद्याचा प्रस्ताव पडला, पण लान्डो गटाची तत्त्वे फ्रान्समध्ये २०१६ च्या करार कायद्याच्या सुधारणेच्या वेळी अभ्यासली गेली. जर्मनीच्या २००२ च्या सुधारणेतही त्यांची दखल होती. लक्झेंबर्गच्या न्यायालयातील महाअधिवक्त्यांनी, म्हणजे निवाड्याआधी न्यायालयापुढे स्वतंत्र मत मांडणाऱ्यांनी, आपल्या मतांत संदर्भ चौकटीचे दाखले दिले. ब्रसेल्सच्या दारातून जे गेले नाही, ते देशोदेशीच्या संसदांनी आणि न्यायाधीशांनी, स्वतःच्या इच्छेने, हवे तेवढे उचलले.

२०११ मध्ये स्थापन झालेली युरोपियन लॉ इन्स्टिट्यूट या अनुभवातून काही शिकली असे मला वाटते. तिचे सचिवालय व्हिएन्ना विद्यापीठात आहे आणि हजाराहून अधिक न्यायाधीश, वकील, नोटरी व प्राध्यापक तिचे सदस्य आहेत. १९२३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटचा नमुना तिच्यापुढे होता. तिची पद्धत मुद्दाम संथ ठेवलेली आहे: काही अभ्यासक मसुदा लिहितात, सल्लागार समिती तो तपासते, इच्छुक सदस्यांची सल्लामसलत होते, मग परिषद आणि शेवटी सर्व सदस्य त्यावर मत देतात. केवळ विद्यापीठात न बसता रोज न्यायासनावर बसणारी माणसे या चाळणीत असतात, त्यामुळे कागदावर सुंदर दिसणारे पण न्यायालयात न टिकणारे कलम वेळीच गळते. युनिद्रुआसोबत तिने २०२० मध्ये नागरी प्रक्रियेचे आदर्श युरोपीय नियम पूर्ण केले. अडचणीतील व्यवसाय वाचवण्याविषयी २०१७ मध्ये शंभराहून अधिक शिफारशींचा तिचा अहवाल आला, तेव्हा त्या विषयाचा निर्देश चर्चेत होता आणि तो २०१९ मध्ये संमत झाला. सदोष मालाच्या दायित्वाचा १९८५ चा जुना निर्देश कसा बदलावा याचा मसुदा तिने २०२२ च्या उन्हाळ्यात मांडला. आयोगाचा प्रस्ताव त्याच वर्षी सप्टेंबरात आला.

या शेवटच्या विषयाचा धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. २०२४ च्या नव्या दायित्व निर्देशात सॉफ्टवेअरलाही माल मानले आहे, आणि सदस्य देशांनी तो ९ डिसेंबर २०२६ पर्यंत आपल्या कायद्यात आणायचा आहे. पुण्यात लिहिलेला प्रोग्रॅम जर्मनीत विकल्या जाणाऱ्या यंत्रात बसत असेल, तर त्यातील दोषाने कोणाला इजा झाल्यास भरपाईचा प्रश्न त्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचू शकतो. गोव्याचा धागा तर त्याहून जुना आहे. तेथे पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता कौटुंबिक व वारसा प्रश्नांत वर्षानुवर्षे चालत राहिली. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता स्वीकारली तरी गोव्यात जुनीच राहिली, आणि तिचे अधिकृत इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध व्हायला २०१८ साल उजाडले. वारसा हक्काचा दावा घेऊन उभे राहिलेल्या पणजी-मडगावच्या माणसाला आपल्यावर चालणारा कायदा वर्षानुवर्षे वाचताही येत नव्हता, ही स्थिती कायदा आणि त्याचा अभ्यास यांची ताटातूट झाल्यावर काय होते ते दाखवते.

या संस्थांत दोष नाहीत असे मी म्हणत नाही. त्यांच्या मसुद्यांची भाषा बहुतेक इंग्रजी असते, त्यांच्या टेबलाभोवती जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स यांसारख्या देशांतील माणसे जास्त आणि बल्गेरिया किंवा लॅटव्हियातील कमी असतात, आणि भाडेकरू, कामगार वा स्थलांतरित यांच्या बाजूने बोलणारे त्याहून कमी. दबावही असतोच. अमेरिकेतील संस्थेने ग्राहक करारांविषयी जो मसुदा केला, त्याच्या आधाराला घेतलेल्या निकालांच्या मोजणीवरच २०१९ मध्ये उघड वाद झाला आणि तो मसुदा २०२२ पर्यंत लांबला. तो वाद उघडपणे झाला, मोजणी इतरांना तपासता आली आणि आक्षेप घेणाऱ्यांत ग्राहकांच्या बाजूचेही होते, म्हणून मला तो संस्थेच्या प्रकृतीचा पुरावा वाटतो.

मग युरोपने काय करावे? मला तीन गोष्टी तातडीच्या वाटतात, पण त्यांतली एक बाकीच्या दोघींपेक्षा फार महत्त्वाची आहे. संस्थांना दीर्घ मुदतीचे, विषय न बांधलेले अनुदान मिळावे, आणि प्रत्येक अहवालावर पैसा कोठून आला व लेखकांची बाहेरची कामे कोणती हे छापले जावे, या दोन गोष्टी सहज मान्य होण्यासारख्या आहेत. तिसरी मात्र आयोगाला नकोशी वाटेल: एखाद्या प्रस्तावाच्या विषयावर मान्यवर स्वतंत्र संस्थेचा अहवाल उपलब्ध असेल, तर प्रस्तावाच्या टिपणीत आयोगाने तो स्वीकारला की नाकारला, आणि नाकारला तर का, हे लिहिणे बंधनकारक असावे. तो मानावाच असे मी म्हणत नाही. निर्णय लोकप्रतिनिधींचाच राहील. पण ‘बाहेरच्या तज्ज्ञांची गरज नव्हती’ असे लिहून पुढे जाता येणार नाही, आणि मंत्री वा खासदार मतदान करताना त्यांच्यापुढे दोन्ही बाजूंची कारणे असतील. नुसते उत्तर देण्याचे बंधन आले, तरी २००८ सारखे प्रसंग बरेच कमी होतील.

या बंधनाची गरज अजून संपलेली नाही, हे त्या सुट्टीच्या खटल्यावरूनच दिसते. लान्डो गटाच्या तत्त्वांत करारभंगाच्या भरपाईत पैशात न मोजता येणारी हानी स्पष्टपणे धरलेली होती. २००९ च्या संदर्भ चौकटीत तर हानी या शब्दाची व्याख्याच दिली गेली: आर्थिक हानी आणि त्याखेरीज वेदना, क्लेश व जीवनाच्या प्रतीला आलेली उणीव. २००२ चा निवाडा हाताशी होता, व्याख्या तयार होती, ती फक्त उचलून कलमात ठेवायची होती. २०१५ मध्ये पॅकेज पर्यटनाचा नवा निर्देश आला तेव्हा सुट्टीच्या हिरावलेल्या आनंदाचा उल्लेख त्यात झाला खरा, पण तो प्रस्तावनेच्या चौतिसाव्या परिच्छेदात. भरपाईच्या कलमात आजही ‘कोणतेही नुकसान’ एवढेच शब्द आहेत आणि व्याख्यांच्या यादीत नुकसान नाही.